नागपूरच्या जुन्या बागा : सकाळच्या एसटीने निघा, दोनच बघा

एका दिवसात पाच बागा करायला निघू नका. सेलूहून नागपूरला सहल निघते तेव्हा हीच चूक होते, म्हणून हे आधी सांगतो. आमच्याकडूनही ती झाली होती. गाडी भाड्याने ठरवलेली असते, दिवसाचे पैसे वसूल करायचे असतात, मग आठला एक बाग, दहाला दुसरी, जेवणाआधी तिसरी. रात्री घरी आल्यावर काय पाहिलं विचारलं तर पोरांना घसरगुंडी आठवते आणि मोठ्यांना गाडी लावायला जागा शोधताना गेलेला वेळ. आमच्या त्या सहलीत आत्याचे पाय इतके सुजले की चौथ्या बागेत ती गाडीतून उतरलीच नाही. पाचव्या बागेच्या फाटकाला कुलूप होतं, कारण तो सोमवार होता. दोष बागेचा नव्हता, आम्ही चौकशी न करता निघालो होतो.

त्यानंतर मी नागपूरच्या बागा एकेक, फार तर दोन-दोन करून पाहिल्या. काही बागांत पुन्हा पुन्हा गेलो. सेलू, केळझर, हिंगणी, सिंदी, पवनार या भागातून एक दिवस काढून जायचं असेल तर काय बघावं, कसं बघावं आणि कशात वेळ घालवू नये, ते इथे लिहितो आहे.

शहरातल्या माणसापेक्षा आपल्याला बाग जास्त कळते, हे मनात धरूनच निघा. बोरच्या कालव्याचं पाणी कुठल्या वावरात चढतं आणि कुठल्यात चढत नाही, हे आपल्याकडच्या दहा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. केळीला किती पाणी लागतं, संत्र्याला ताण कधी द्यायचा, जमीन चिबडली की झाड कसं पिवळं पडतं, हे ज्याने पाहिलंय त्याला दोनशे वर्षांपूर्वीची बाग उलगडायला गाइड लागत नाही. जुनी बाग म्हणजे मुळात बागायतच होती. शोभा पुढे आली.

थोडा इतिहास सोबत असला की चालताना उपयोगी पडतो. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ साली बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवलं. पुढे भोसले आले आणि त्यांनी शहरात आणि शहराबाहेर तलाव बांधले, बागा लावल्या. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये या बागांची नावं एका ओळीत सापडतात : सीताबर्डीची महाराजबाग, शहरातली तुळशीबाग, आणि बाहेरच्या पारडी, सक्करदरा, सोनेगाव व तेलंगखेडीच्या बागा. ही नावं आज नागपूरच्या नकाशावर वस्त्यांची, तलावांची, बसथांब्यांची नावं म्हणून उरली आहेत. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजीराजे वारले, दत्तक नामंजूर झाला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. राजवाड्याची मालमत्ता सरकारी झाली आणि राजाच्या बागेचं फाटक हळूहळू लोकांसाठी उघडलं. त्याच सुमारास जगभर सार्वजनिक बाग ही कल्पना रुजत होती. इंग्लंडात बर्कनहेड इथे लोकांच्या पैशातून उभारलेली बाग १८४७ मध्ये खुली झाली, मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये. नागपूरचं वेगळेपण असं की इथल्या बऱ्याच बागा नव्याने आखलेल्या नव्हत्या. आधीच्या राजबागांनाच नवा मालक आणि नवं काम मिळालं.

म्हणून नागपूरच्या कुठल्याही जुन्या बागेत शिरलात की तीन थर शोधा. पहिला थर फळाचा आणि सावलीचा. आंबा, चिंच, जांभूळ, कवठ, वड, पिंपळ ही झाडं मोठी असतील आणि रांगेत नसतील, तर ती जुन्या बागायतीच्या वळणाची आहेत. दुसरा थर शोभेचा. मादागास्करहून आलेला गुलमोहर, अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेला पर्जन्यवृक्ष, रस्त्याच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर लावलेली झाडं, हे इंग्रजी अमदानीत रुळलेलं वळण. तिसरा थर आपल्या डोळ्यांसमोरचा : हिरवळ, सिमेंटचे प्राणी, झोपाळे, रंगीत दिव्यांचं कारंजं, सेल्फीसाठी इंग्रजी अक्षरं. मुलं तिसऱ्या थरात रमतील, रमू द्या. आपण मोठ्यांनी पहिले दोन शोधावेत.

आणि सुरुवात पाण्यापासून करावी. फाटकातून आत गेल्यावर पहिला प्रश्न हा की इथे पाणी कुठून येत होतं? तलाव जवळ आहे का? ओढा कुठल्या बाजूने जातो? जमीन कुठे उतरते? जुन्या बागेत विहीर असणारच. ती बुजवली असेल, तिच्यावर जाळी टाकली असेल, पंपघर बांधलं असेल, पण काठाचे दगड, मोटेचं थारोळं, हौद, हौदातून निघणारा दांड यापैकी काहीतरी खूण मिळते. ज्या बाजूने दांड उतरतो त्या बाजूची झाडं जुनी असतात. हे एकदा पकडलं की बागेचा नकाशा मनात आपोआप तयार होतो.

आता जाण्याचं. सेलूहून नागपूर साठेक किलोमीटर आहे. वर्धा-नागपूर एसटी केळझर, सेलडोह, बुटीबोरीवरून जाते आणि गणेशपेठच्या मध्यवर्ती बसस्थानकावर पोचते. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या वर मोफत, तेव्हा आधार कार्ड पिशवीत टाकायला विसरू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना न्यायचं असेल तर भाड्याच्या गाडीपेक्षा एसटी बरी, कारण एसटीने गेलं की आपोआप कमी ठिकाणं होतात आणि धावपळ टळते. गर्दीतून गणेशपेठपर्यंत जायचं नसेल तर वाहकाला आधीच विचारून ठेवा. गाडी खापरीला किंवा विमानतळाजवळ थांबत असेल तर तिथे उतरून मेट्रो धरावी. ती मेट्रो वर्धा रोडवरूनच सीताबर्डीला येते, पुढचं स्टेशन झिरो माइल आणि त्याच्या पुढचं कस्तुरचंद पार्क. मुलांना त्या वीस-पंचवीस मिनिटांत उंचावरून शहर दिसतं. दुसरं, मेट्रो स्टेशनवर स्वच्छतागृह असतं. बायकांना बरोबर घेऊन फिरणाऱ्याला याची किंमत कळते. जुन्या बागांतल्या स्वच्छतागृहांचा भरवसा धरू नये. बागेत शिरण्याआधी स्टेशनवरच सगळ्यांनी जाऊन यावं.

पहिल्यांदा जात असाल तर महाराजबागच धरा. बर्डीहून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. नावातच तिचा मालक आहे : ही भोसल्यांची बाग. इंग्रजी काळात इथे १८९४ साली प्राणिसंग्रहालय सुरू झालं, म्हणजे त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली. १९०६ साली नागपूरचं कृषी महाविद्यालय उभं राहिलं आणि बागेचं नातं शेतीशी पक्कं झालं. आजही बाग आणि प्राणिसंग्रहालय कृषी महाविद्यालयाकडे, म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. शहराच्या मध्यभागी, जिथे एकेक फूट जमिनीला सोन्याचा भाव आहे, तिथे शेती शिकवणाऱ्या संस्थेच्या हातात एक बाग शिल्लक आहे.

सोमवार टाळा. प्राणिसंग्रहालयं साधारण सोमवारी बंद असतात आणि जवळचं अजब बंगला हे संग्रहालयही सोमवारी बंद असतं. सणावाराची सुट्टी असली की त्या दिवशी फोन करून खात्री करावी. तिकीट फार नसतं, पण सुटे पैसे जवळ ठेवा, खिडकीवर पाचशेची नोट काढून मागच्यांना ताटकळत ठेवू नका. आत प्लास्टिकच्या पिशव्या, वेफर्सची पुडकी नेऊ नयेत. प्राण्यांच्या पिंजऱ्याजवळ मुलांना एक गोष्ट बजावून सांगा : हाका मारायच्या नाहीत, जाळी वाजवायची नाही. बिबट्या झोपलेला असेल तर झोपलेला बिबट्या पाहायचा. आपल्या बोरच्या जंगलात तो दिसत नाही म्हणून इथे आलोय, मग तो निवांत असताना बघण्यातच मजा आहे. दुपारी प्राणी सावलीला जातात, त्यामुळे प्राणी सकाळी बघावेत आणि झाडं नंतर.

झाडांसाठी मी एक साधी वस्तू बरोबर नेतो : सुतळीचं बंडल. एकदा जानेवारीत असाच एका मोठ्या चिंचेखाली उभा होतो, मान वर करून शेंडा शोधत. शेजारी पाला गोळा करणाऱ्या माळ्याने हातातला खराटा टेकवला आणि म्हणाला, "काकाजी, वरतं काय पायता? खालतं पहा ना. झाडाचं वय खालतं रायते." मग त्यानेच सुतळीचं एक टोक धरलं, मी बुंध्याला वळसा घातला. मी सुतळी कमरेच्या उंचीवर धरली होती, त्याने ती वर सरकवली, छातीपर्यंत. "इथं मोजतात. खालतं मुळ्या फुगलेल्या रायतात, माप खोटं येते." त्या चिंचेला आमची सुतळी माझ्या हाताने नऊ हात भरली. बुंध्याच्या एका अंगाला साल मगरीच्या पाठीसारखी उकललेली होती, दुसऱ्या अंगाला, जिथे कधीतरी फांदी तुटली असावी, तिथे झाडाने स्वतःच ओठासारखी कड आणून जखम मिटवत आणली होती. त्या कडेच्या आत बोट घातलं तर लाकूड कोरडं आणि गार लागलं. मुंग्यांची एक ओळ तिथून निघून थेट माझ्या सुतळीवरून गेली.

माळ्याचं माप बरोबर होतं. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजायची सगळीकडे रीत आहे. घेरावरून वयाचा नेमका आकडा निघत नाही, कारण पाण्याशेजारचं झाड लवकर जाड होतं आणि मुरमातलं उशिरा. पण एकाच बागेतल्या एकाच जातीच्या झाडांची मापं घेतली की थोरली कोण आणि धाकटी कोण ते कळतं. पाच-सहा झाडं मोजा, मापं वहीत लिहा, तारीख टाका. पाच वर्षांनी परत जाल तेव्हा त्या आकड्यांना मोल येईल. २०२१ साली महाराष्ट्राने शहरांतल्या झाडांच्या कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज ट्री म्हणून वेगळं संरक्षण दिलं. म्हणजे आपण ज्याच्या बुंध्याला सुतळी बांधतोय ते झाड आता कायद्याच्या भाषेतही वारसा आहे. खिळे ठोकलेले, तार गुंडाळलेली, बुंध्याशी सिमेंट घट्ट भरलेलं झाड दिसलं तर फोटो काढून महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. पाहुणा असलात तरी कळवा.

झाड ओळखता येत नसेल तर लाजू नका, माळ्याला विचारा. बागेतला सगळ्यात मोठा जाणकार तोच असतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. पुस्तक हवं असेल तर श्री. द. महाजन यांचं 'आपले वृक्ष' किंवा शरदिनी डहाणूकर यांचं 'वृक्षगान' निघण्याआधी वाचून जावं. पक्ष्यांची आवड असेल तर मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' आहे, पण तो पिशवीत नेण्याजोगा नाही, घरी आल्यावर उघडावा.

महाराजबागेतून बाहेर पडायला साधारण साडेअकरा होतात. दुसरं ठिकाण लगेच धरू नका. बर्डीत तर्री-पोहे खा, नाहीतर घरून आणलेली शिदोरी सोडायला जागा शोधा. शिदोरी नेणार असाल तर आधी फाटकावर विचारा, काही बागांत खाणं नेऊ देत नाहीत. आणि मग उन्हाच्या वेळेला चार भिंतींच्या आत जावं : अजब बंगला. १८६३ साली सुरू झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय झिरो माइलपासून जवळच आहे. झिरो माइलचा दगडी स्तंभ १९०७ चा, देशाच्या मोजणीच्या कामातला. शेजारी चार घोड्यांचे पुतळे आहेत. मुलांचा फोटो तिथे होतोच, दहा मिनिटं पुरतात.

कस्तुरचंद पार्क नावाने बाग वाटते, प्रत्यक्षात ते विस्तीर्ण मैदान आहे आणि मधोमध एक जुनी देखणी छत्री. सर कस्तुरचंद डागा यांच्या नावाचं हे मैदान. डागा घराण्याची पेढी बन्सीलाल अबीरचंद, आणि हिंगणघाटची कापूस गिरणी याच पेढीची, तेव्हा वर्धा जिल्ह्याच्या माणसाला हे नाव परकं नाही. काही वर्षांपूर्वी इथे खोदकाम चालू असताना जमिनीतून जुन्या तोफा निघाल्या. समोरची सीताबर्डीची टेकडी आणि २६-२७ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवली की त्या तोफांचं फारसं नवल वाटत नाही. मैदान पहिल्या दर्जाचं वारसास्थळ आहे. सावली मात्र कमी. भर दुपारी तिथे म्हाताऱ्यांना नेऊ नका. आणि डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा हा सगळा भाग, झिरो माइलपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत, मोर्चे आणि पोलीस बंदोबस्ताने भरलेला असतो. रस्ते बंद, रिक्षा मिळत नाही. त्या दोन आठवड्यांत बागेचा बेत ठेवू नये. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. दीक्षाभूमीला जायचं तर त्या दिवशी जरूर जा, पण बागा त्यात कोंबू नका.

दुसऱ्या खेपेसाठी अंबाझरी. किंवा पहिल्याच दिवशी, पण मग संग्रहालय सोडून. अंबाझरीचा तलाव भोसलेकाळातला, १८७० च्या सुमारास वाढवला गेला आणि शहराला पाणी देऊ लागला. काठाची बाग त्या मानाने लहान वयाची, १९५८ ची. तिथे जाण्याआधी ती चालू आहे का याची चौकशी करून घ्या, मधल्या काळात ती दीर्घकाळ बंद होती. बाग बंद असली तरी तलाव चुकवू नका, कारण नागपूरच्या बागा समजण्याची किल्ली इथे आहे. ज्या नाग नदीवरून शहराला नाव पडलं असं म्हणतात, ती पश्चिमेच्या लाव्हा गावच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीत येते, तिथून पुढे धरमपेठ, महाराजबाग, बर्डी असं करत जुन्या शहराकडे जाते. तलाव, नदी आणि बाग एका दोरात ओवलेल्या आहेत. महाराजबाग जिथे आहे तिथे का आहे, याचं उत्तर अंबाझरीच्या काठावर उभं राहिल्यावर मिळतं. आणि हेच पाणी कसं उलटतं तेही नागपूरने पाहिलं. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, २३ ला पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नागच्या काठच्या वस्त्यांत लोकांच्या घरात पाणी शिरलं. आपल्याकडे ओढ्याच्या पोटात कुणी घर बांधत नाही. शहराला हे शहाणपण महागात शिकावं लागलं. पावसाळ्यात तलावाच्या सांडव्याच्या बाजूला मुलांना जाऊ देऊ नका, कडेला उभं राहून फोटो नकोत.

संध्याकाळ तेलंगखेडीला द्या. फुटाळा म्हणून जो तलाव सगळे ओळखतात तोच तेलंगखेडीचा तलाव, भोसल्यांनी बांधलेला. चौपाटीच्या बाजूला चहाच्या टपऱ्या, कणसं, गर्दी. समोर, पश्चिमेला, मोकळी हिरवी जमीन आणि सेमिनरी हिल्सच्या बाजूचं झाडझाडोरं. सूर्य त्या झाडांमागे उतरतो. शहरात राहूनही मधे एकही इमारत न येता मावळतीचा सूर्य दिसेल अशा जागा आता फार उरल्या नाहीत. म्हणून चौपाटीच्या गोंगाटाकडे पाठ करून काठावर अर्धा तास बसा. त्याआधी तेलंगखेडीच्या बागेत एक फेरी मारा, जवळ भोसलेकालीन शिवमंदिर आहे, तिथेही जा. पर्जन्यवृक्ष जवळपास असेल तर दिवेलागणीला त्याच्याकडे लक्ष ठेवा : पानं मिटतात. दुपारी ज्या झाडाखाली दाट सावली होती त्याच झाडातून संध्याकाळी आभाळ दिसायला लागतं. मुलांना हे एकदा दाखवलं की ती पुढच्या वेळी स्वतःहून वर बघतात.

जुन्या शहराकडच्या बागांबद्दल थोडक्यात सांगतो. महालातल्या तुळशीबागेत आज बाग कमी आणि वस्ती जास्त आहे. इतिहासाची आवड असेल तरच जावं आणि पायी जावं. गांधीसागर, म्हणजे पूर्वीचा जुम्मा किंवा शुक्रवारी तलाव, गोंड राजा चाँद सुलतान याच्या काळचा. मधल्या बेटावर बाग आणि मंदिर आहे, शेजारी रमण विज्ञान केंद्र. १८७७ साली टाटांची एम्प्रेस मिल याच तलावाशेजारी सुरू झाली आणि आपल्या भागातला कापूस तिथे जाऊ लागला. तलावाचं काम चालू असेल तर बेटावर जाता येणार नाही, तेव्हा विज्ञान केंद्र हाच मुख्य बेत धरून जावं. सक्करदरा आणि सोनेगाव इथे तलाव बघायला मिळतात. सोनेगावचा तलाव विमानतळाच्या जवळ, वर्धा रोडच्याच अंगाला असल्याने परतीच्या वाटेवर जमू शकतं.

संत्र्याचं एक राहिलं. नागपूरला संत्रा आणला तो रघुजीराजे भोसल्यांनी, औरंगाबादहून रोपं आणून राजवाड्याच्या परसबागेत लावली, असं सांगितलं जातं. राजाच्या परसातलं झाड कळमेश्वर, काटोल, वरुड, कारंज्यापर्यंत पसरलं आणि हजारो घरांची चूल त्यावर पेटली. बागेला कुणी चैनीची गोष्ट म्हणतं तेव्हा मला हे झाड आठवतं. मुलांना बागेत फिरवताना ही गोष्ट जरूर सांगा, त्यांच्या खिशात त्या वेळी एखादं संत्रं असेल तर आणखी चांगलं. साल मात्र कचरापेटीत.

दिवस कोणते निवडावेत? दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचे, अधिवेशनाचे आठवडे वगळून. जानेवारीचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात आवडतो : धुकं असतं, झाडांवर पक्षी असतात, दुपारचं ऊन अंगाला बरं वाटतं. एप्रिल-मे मध्ये नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, त्या दिवसांत लेकरं-म्हातारी घेऊन दुपारची बाग म्हणजे आजारपणाला बोलावणं. जायचंच असेल तर सकाळी सात ते नऊ, डोक्याला दुपट्टा, पिशवीत पाणी आणि एखादा कांदा. पावसाळ्यात झाडं सुंदर असतात, पण पायवाटा निसरड्या आणि डास फार.

शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांना एक सुचवतो. वर्गाचे पाच-पाच मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एकच झाड द्या. तासभर ते झाड त्यांचं. घेर मोजा, पानाचा ठसा वहीत घ्या, सालीवर कोण राहतं ते लिहा, खाली काय पडलंय ते गोळा करा, पण तोडू नका. मी पाहिलंय, जी मुलं धावत पंचवीस पिंजरे बघून येतात ती दुसऱ्या दिवशी निबंधात वाघ एवढंच लिहितात. एक झाड तासभर पाहिलेला मुलगा दोन पानं लिहितो आणि त्यातली निम्मी वाक्यं त्याची स्वतःची असतात.

म्हाताऱ्या माणसांसाठी आधी बाक शोधावा, नंतर बाग दाखवावी. फाटकापासून पहिल्या चांगल्या सावलीतल्या बाकापर्यंत त्यांना न्या, तिथे पाण्याची बाटली ठेवा, घरातलं एक माणूस आळीपाळीने त्यांच्याजवळ बसू दे. त्यांना सगळं बघायचं नसतं. माझी आत्या त्या सुजलेल्या पायांच्या सहलीनंतर दोन वर्षांनी पुन्हा माझ्याबरोबर महाराजबागेत आली. तीन तास एकाच बाकावर बसली, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी बोलली, समोरच्या झाडावरच्या घारीचं घरटं तिनेच आम्हाला दाखवलं. आम्ही सगळी बाग फिरून आलो होतो आणि ते घरटं आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं.

परतीचं तिकीट काढताना सावध राहा. परभणी जिल्ह्यातही सेलू आहे. मोबाइलवर आरक्षण करताना दोन्ही नावं समोर येतात आणि घाईत बोट भलत्याच सेलूवर पडतं. रेल्वेत आपलं स्टेशन सेलू रोड आहे, नुसतं सेलू म्हटलं की मराठवाड्यातलं समजतात, आणि आपल्या स्टेशनवर फार थोड्या गाड्या थांबतात. गणेशपेठला खिडकीवर 'वर्ध्याजवळचं सेलू' असं म्हणा, वर्ध्याची गाडी धरा, आणि फुटाळ्याहून साडेसहाला उठा, म्हणजे जागा मिळते.